९१–६ आणि त्यानंतर: कँटरबरी-बँक्सटाउनची गोष्ट

११ मे १९३५. सिडनीच्या दक्षिणेकडच्या आर्नक्लिफ उपनगरात, अर्ल पार्कच्या मैदानावर सेंट जॉर्ज आणि कँटरबरी-बँक्सटाउन या रग्बी लीग क्लबांचा सामना होता. कँटरबरीचा वरच्या स्पर्धेतला हा पहिलाच मोसम. ऐंशी मिनिटं संपली तेव्हा फलकावर सेंट जॉर्ज ९१, कँटरबरी ६ असे आकडे लागले होते. सेंट जॉर्जनं १९ ट्राय केले आणि १७ गोल मारले. त्यांतले १५ गोल एकट्या लेस ग्रिफिनचे, शिवाय त्याच्या नावावर दोन ट्राय. सिडनीच्या पहिल्या दर्जाच्या स्पर्धेत एवढ्या फरकानं त्याआधी कुणी जिंकलं नव्हतं. आज ती स्पर्धा देशभर पसरून नॅशनल रग्बी लीग झाली आहे, पण ८५ गुणांचा तो फरक कुणालाही ओलांडता आलेला नाही.

एवढा मार खाल्लेल्या संघाला निदान पुढचा आठवडा तरी बरा जायला हवा होता. तसं झालं नाही. पुढच्या शनिवारी समोर ईस्टर्न सबर्ब्ज उभे होते, आणि त्यांच्याकडे डेव्ह ब्राउन होता. वय बावीस, तरुणपणीच केस गेलेले, डोक्यावर संरक्षक टोपी. ऑस्ट्रेलियात त्याला रग्बी लीगचा ब्रॅडमन म्हणत, आणि त्या देशात ही उपाधी सहजासहजी मिळत नाही. त्यानं कँटरबरीविरुद्ध पाच ट्राय केले, पंधरा गोल मारले, एकट्यानं ४५ गुण घेतले. सामना ८७–७ असा संपला. दोन शनिवारांत कँटरबरीनं १७८ गुण दिले आणि १३ मिळवले. ब्राउननं त्या मोसमात एकूण ३८ ट्राय केले. हाही विक्रम अजून उभा आहे.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकाला प्रश्न पडेल की गुणांचा असा डोंगर उभा राहतो तरी कसा. तेरा-तेरा खेळाडूंचा हा खेळ. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, सहकाऱ्याकडे फेकायचा तर मागेच फेकायचा. प्रतिस्पर्ध्यांनी धरून पाडलं की उठायचं, चेंडू पायानं मागे सरकवायचा आणि खेळ पुढे चालू. शेवटची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. १९३५ साली त्याचे तीन गुण मिळत. ट्रायनंतर दांड्यांमधून चेंडू मारायची संधी; तो गोल झाला की आणखी दोन.

खरी मेख त्याच्या पुढे आहे. ट्राय झाल्यावर मैदानाच्या मधून किक-ऑफ करतो तो ट्राय खाल्लेला संघ. म्हणजे ज्यानं नुकताच मार खाल्ला त्यानंच चेंडू उचलून मारणाऱ्याच्या हातात द्यायचा. आपल्या कबड्डीत एक एक गडी बाद होत अंगण रिकामं होतं, पण लोण चढलं की सातही गडी पुन्हा आत येतात आणि हरणाऱ्याला नव्यानं उभं राहता येतं. रग्बी लीगमध्ये अशी सोय नाही. दमलेला संघ चेंडू देतो, ताजातवाना संघ तो घेऊन पुन्हा त्याच्याच अंगावर येतो. त्यातून १९३५ मध्ये पाडण्याला मर्यादा नव्हती. चेंडू निसटेपर्यंत किंवा स्वतः लाथाडेपर्यंत तो त्याच संघाकडे राही. बदली खेळाडू नव्हते. एकोणीस वेळा कँटरबरीची पोरं मध्यरेषेपर्यंत चालत गेली आणि एकोणीस वेळा त्यांनी चेंडू सेंट जॉर्जला देऊन टाकला. ९१ हा आकडा वाचताना मला नेहमी ते चालणं दिसतं.

क्लबही कच्चा होता, यात शंका नाही. सिडनीत तेव्हा खेळाडू ज्या भागात राहतो त्याच भागाच्या क्लबाकडून त्यानं खेळावं असा नियम होता. त्यामुळे नव्या क्लबाला शेजारचे कसलेले गडी सहज उचलून आणता येत नसत. काळ महामंदीचा. कँटरबरी आणि बँक्सटाउन ही कामगारवस्तीची उपनगरं, आणि तिथल्या स्थानिक सामन्यांत खेळणारी मुलंच थेट पहिल्या दर्जाला उतरली होती. त्या मोसमात त्यांना फक्त दोन सामने जिंकता आले.

पण अशा निकालांची मुळं या खेळाच्या जन्मातच आहेत. २९ ऑगस्ट १८९५ रोजी इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी रग्बी युनियनपासून फारकत घेतली. भांडण पैशाचं होतं. शनिवारी खेळायला गेलेल्या गिरणी कामगाराची किंवा खाणमजुराची मजुरी बुडे. ती क्लबानं भरून द्यावी, एवढीच मागणी होती. लंडनच्या सभ्य मंडळींना ती मान्य नव्हती. मजुरी द्यायची तर तिकिटं खपली पाहिजेत, आणि तिकिटं खपायची तर खेळ पाहावासा वाटला पाहिजे. म्हणून या खेळाचे नियम पहिल्या दिवसापासून प्रेक्षकाकडे पाहत बदलत आले. १८९७ मध्ये लाइन-आउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून झेलायची पद्धत, गेला. १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू झाले, म्हणजे त्याच मैदानावर पळायला जास्त मोकळी जागा. प्रत्येक बदल वेगासाठी होता, आणि प्रत्येक बदलानंतर कमजोर संघाला लपायला जागा थोडी कमी उरली.

इंग्लंडमध्ये डोंगराएवढे निकाल लागले ते मुख्यतः बाद फेरीच्या स्पर्धांत, कारण तिथे सोडतीत व्यावसायिक क्लबापुढे हौशी मंडळी येत. १९१४ च्या चॅलेंज कपात हडर्सफील्डनं स्विंटन पार्क या हौशी संघाला ११९–२ असं हरवलं. मेजर हॉलंडनं त्यात १८ गोल मारले. १९२५ मध्ये विगननं फ्लिंबी अँड फॉदरगिलला ११६–० नमवलं आणि जिम सलिव्हनचे २२ गोल झाले. नोव्हेंबर १९९४ मधल्या एका शनिवार-रविवारी तर रीगल ट्रॉफीत लागोपाठ दोन आकडे आले: हडर्सफील्ड १४२, ब्लॅकपूल ग्लॅडिएटर्स ४, दुसऱ्या दिवशी बॅरो १३८, नॉटिंगहॅम सिटी शून्य. हरलेले दोन्ही क्लब १९९३ पर्यंत व्यावसायिक लीगमध्येच होते. लीगनं त्यांना तळातून बाहेर काढलं आणि मग सोडतीनं पुन्हा त्याच लोकांपुढे उभं केलं. २०१८ मध्ये तिसऱ्या स्तराच्या लीगमध्ये यॉर्क सिटी नाइट्सनी वेस्ट वेल्स रेडर्सना १४४–० असं चिरडलं. वेल्सच्या त्या संघाला अख्ख्या मोसमात एकही विजय मिळाला नाही.

हे निकाल वाचून वाईट वाटतं, पण कोडं पडत नाही. गावच्या तालमीतल्या पोराला हिंदकेसरीसमोर उतरवल्यावर दुसरं काय व्हायचं? सिडनीची गोष्ट निराळी. तिथे हे एकाच लीगमधल्या, आठवड्यामागून आठवडा एकमेकांशी खेळणाऱ्या संघांत घडलं. म्हणूनच कँटरबरीचं पुढे काय झालं हे पाहावंसं वाटतं.

पुढे झालं ते असं. ईस्टर्न सबर्ब्जनी १९३५, १९३६, १९३७ अशी सलग तीन वर्षं विजेतेपद घेतलं, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं ते एकही सामना हरले नाहीत. तोवर डेव्ह ब्राउन इंग्लंडला वॉरिंग्टन क्लबाकडे गेला. १९३८ मध्ये कँटरबरी-बँक्सटाउन संपूर्ण मोसमात अपराजित राहिली आणि अंतिम सामन्यात याच ईस्टर्न सबर्ब्जना १९–६ असं हरवून विजेती ठरली. ८७–७ पासून १९–६ पर्यंतचं अंतर तीन वर्षांचं. रग्बी लीगच्या इतिहासात यापेक्षा समाधान देणारी गोष्ट मला तरी माहीत नाही.

सेंट जॉर्जचा हिशेब चुकता व्हायला मात्र एकोणतीस वर्षं आणखी लागली, आणि त्याला नियमाची मदत झाली. १९५६ ते १९६६ अशी अकरा वर्षं सेंट जॉर्ज सलग विजेते होते. दणकट फॉरवर्ड, आणि पाडण्याला मर्यादा नाही; एकदा चेंडू हातात आला की समोरच्याला तो पाहायलाही मिळत नसे. असा खेळ पाहून लोक कंटाळले होते. १९६६ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये नवा नियम आला की चार वेळा पाडलं की चेंडूवरचा हक्क संपला. १९६७ पासून तो सिडनीत लागू झाला. त्याच वर्षी अंतिम सामन्याच्या अलीकडच्या पायरीवर सेंट जॉर्ज हरले, १२–११. हरवणारा संघ कँटरबरी-बँक्सटाउन, आणि त्याचा कर्णधार-प्रशिक्षक होता केव्हिन रायन, सेंट जॉर्जच्याच त्या अजिंक्य वर्षांतला माजी खेळाडू. अंतिम सामन्यात साउथ सिडनीनं कँटरबरीला १२–१० असं रोखलं. पण अकरा वर्षांची सद्दी मोडली ती एका गुणानं, आणि ती मोडणाऱ्यांत ९१–६ वाल्यांचे वारस होते.

नियम बदलला की खेळाडू त्यातली पळवाट शोधतात. चार वेळांत ट्राय जमत नाही म्हटल्यावर मंडळी लांबून ड्रॉप गोल, म्हणजे खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून उसळताच दांड्यांमधून मारलेला गोल, मारायला लागली, कारण त्यालाही दोन गुण होते. १९७० च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीच्या एरिक सिम्सनं असे चार मारले. १९७१ मध्ये ड्रॉप गोलचा एक गुण कापला गेला आणि चाराच्या जागी सहा टॅकल, म्हणजे सहा वेळा पाडणं, आलं. १९८३ मध्ये ट्रायचे तीनऐवजी चार गुण झाले, आणि सहाव्या टॅकलनंतर स्क्रमऐवजी, म्हणजे दोन्ही संघांच्या रेटारेटीऐवजी, चेंडू थेट समोरच्या संघाला मिळू लागला.

गुण वाढावेत म्हणून केलेल्या या बदलानंतर लगेच काय घडलं? १९८४ चा अंतिम सामना ६–४. १९८५ चा ७–६. १९८६ चा ४–२, आणि त्यात एकही ट्राय नाही. तिन्ही सामन्यांत कँटरबरी होती. पहिले दोन तिनं जिंकले, तिसरा पॅरामॅटानं. प्रशिक्षक वॉरन रायन. त्या काळी बचाव करणारा संघ चेंडूपासून पाच मीटर मागे उभा राही. वॉरन रायननं आपली अख्खी रांग त्या पाच मीटरांत एकदम पुढे धावायला शिकवली. चेंडू घेणाऱ्यानं मान वर करायच्या आत दोन-तीन जण त्याच्या अंगावर. सुंदर दिसत नसे, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रांतून बरीच ओरड झाली. मला तो ४–२ हा सामना फार मोठा वाटतो. ऐंशी मिनिटं दोन संघांनी एकमेकांना ती रेषा ओलांडू दिली नाही, आणि प्रत्येक पाडापाडीवर विजेतेपद लटकत होतं. सर्वांत मोठा पराभव ज्या क्लबाच्या नावावर, त्याच क्लबानं बचावाची कला या टोकाला नेली. यात मला योगायोग दिसत नाही. १९३५ ची आठवण त्या क्लबात कधी पुसली गेली नसणार.

१९९३ मध्ये पाच मीटरचे दहा झाले आणि ती भिंत मोडली. आक्रमकाला धावायला दुप्पट जागा मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनबेरानं पॅरामॅटाला ६८–० हरवलं. त्या सामन्यात कॅनबेराचा सूत्रधार रिकी स्टुअर्टचा घोटा मोडला आणि त्यांचं त्या वर्षीचं सगळं गणित कोसळलं. पुढच्या पंचवीसेक वर्षांत साठ-सत्तर गुणांचे निकाल अधूनमधून येत राहिले. पण ते अपवाद होते, आणि त्यांकडे लोक अपवाद म्हणूनच पाहत.

मग करोना आला. मार्च २०२० मध्ये दोन फेऱ्यांनंतर स्पर्धा थांबली आणि २८ मे रोजी रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. सुरू होताना दोन बदल झाले. दोन पंचांच्या जागी एक पंच आला. दुसरा बदल जास्त खोल होता. पाडल्यानंतर चेंडू सोडायला उशीर केला तर आधी पेनल्टी मिळायची. शिट्टी, मग चेंडू बाहेर मारायचा, सगळे चालत पुढे जायचे, आणि तेवढ्यात बचाव करणाऱ्यांना अर्धा मिनिट दम मिळायचा. आता पंच नुसता हात हलवणार आणि सहा टॅकलची मोजणी शून्यापासून पुन्हा सुरू होणार. खेळ थांबायचाच नाही. पहिल्या सामन्यात ब्रिस्बेन ३४–६ असा हरला. पुढच्याच आठवड्यात सिडनी रूस्टर्सनी त्याच ब्रिस्बेनला त्याच्याच मैदानावर ५९–० असं लोळवलं. एकेकाळचा हा दादा क्लब त्या वर्षी इतिहासात पहिल्यांदा तळाला गेला.

२०२१ मध्ये हाच नियम बचावाची रांग दहा मीटर मागे न राहण्याच्या चुकांनाही लावला, आणि धरण फुटलं. मेलबर्ननं साउथ सिडनीला ५०–० हरवलं, त्यात जॉश अ‍ॅडो-कारचे सहा ट्राय. पेनरिथनं त्याच साउथ सिडनीला ५६–१२. मेलबर्ननं वेस्ट्स टायगर्सना ६६–१६. राज्यांच्या संघांतल्या सामन्यात न्यू साउथ वेल्सनं क्वीन्सलँडला त्यांच्याच राज्यात ५०–६. मॅन्लीच्या टॉम त्रबोयेविचनं मोसमात २८ ट्राय केले. मेलबर्ननं सलग १९ सामने जिंकले आणि ब्राउनच्या ईस्टर्न सबर्ब्जनी १९३५–३६ मध्ये केलेल्या विक्रमाशी बरोबरी केली. कँटरबरीला मोसमाच्या सुरुवातीला सलग तीन सामन्यांत एक गुणही मिळाला नाही. जुलैत मॅन्लीकडून तिनं ६६–० असा मार खाल्ला आणि वर्षाअखेर ती तळाला राहिली.

त्या वर्षी अनेकांनी दुबळ्या क्लबांच्या व्यवस्थापनाला दोष दिला. त्यात तथ्य होतं, पण ते अर्धंच. कालच्यापेक्षा आज दुपटीनं हरणारा संघ एका हिवाळ्यात दुपटीनं वाईट होत नाही. बदलली होती ती दम घ्यायची सवड. पेनल्टी, टचबाहेरची किक, चालत जाणं या खेळातल्या फटी प्रेक्षकाला कंटाळवाण्या वाटतात. मागे पडलेल्या संघाला त्याच फटींतून श्वास मिळतो. त्या बुजवल्या तेव्हा किक-ऑफच्या नियमाचा जुना भार उघडा पडला: ट्राय खाल्ला, चेंडू देऊन टाकला, पुन्हा सहा टॅकल, वर आणखी सहा. नियामकांनाही हे उमगलं असावं, कारण २०२२ मध्ये आक्रमक संघ स्वतःच्या चाळीस मीटरांत असताना बचावाकडून चूक झाली तर पुन्हा पेनल्टी द्यायची असं ठरलं.

त्या एकतर्फी वर्षाचा अंतिम सामना मात्र १४–१२ असा संपला. ५०–० आणि ५६–१२ खाल्लेली साउथ सिडनीच अंतिम फेरीत होती, पेनरिथसमोर. शेवटच्या काही मिनिटांत अ‍ॅलेक्स जॉन्स्टननं कोपऱ्यात ट्राय केला. बरोबरी साधणारी अ‍ॅडम रेनल्ड्सची किक चुकली. पेनरिथला पुढे नेणारा ट्राय केला होता स्टीफन क्राइटननं, कोडी वॉकरचा पास हवेत पकडून सरळ पळत जाऊन.

या क्राइटनचं नाव पुढे पुन्हा येतं. वर्षभर लांबलेला २०२१ चा विश्वचषक २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पहिल्या सामन्यात, १५ ऑक्टोबरला, इंग्लंडनं सामोआला ६०–६ असं हरवलं. सामोआचे कित्येक खेळाडू क्लबांचा मोसम संपवून जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी मोकळे झाले होते आणि संघ म्हणून एकत्र नीट खेळलेही नव्हते. चार आठवड्यांनी लंडनमधल्या उपांत्य सामन्यात हेच दोन संघ पुन्हा भेटले. नियमित वेळ २६–२६ अशी सुटली. जादा वेळेत क्राइटननं ड्रॉप गोल मारला आणि सामोआ पहिल्यांदा विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. १९७१ मध्ये कापून उरलेल्या त्याच एका गुणानं.

कँटरबरीचे दिवस अजून फिरले नव्हते. १ जुलै २०२३ रोजी टाउन्सव्हिलमध्ये नॉर्थ क्वीन्सलँडनं वेस्ट्स टायगर्सना ७४–० हरवलं. दुसऱ्या दिवशी न्यूकॅसलनं कँटरबरीला ६६–०. दोन दिवस, दोन सामने, १४० विरुद्ध शून्य. कँटरबरीचा प्रशिक्षक कॅमरन सिराल्डो तेव्हा पहिल्याच मोसमात होता. तो पेनरिथमध्ये सहायक होता, आणि पुढच्या वर्षी त्यानं तिथूनच क्राइटनला आणून कर्णधार केलं. २०२४ मध्ये कँटरबरी पुन्हा बचाव करणारा संघ म्हणून ओळखली जाऊ लागली. अंगानं लहान, पण पाडायला न थकणारी पोरं. वॉरन रायनच्या काळातले म्हातारे समर्थक त्यांच्यात आपला जुना संघ शोधत होते. तीन वर्षांपूर्वी तळाला गेलेला क्लब सहाव्या क्रमांकावर येऊन बाद फेरीत गेला. समोर मॅन्ली होता, ६६–० वाला. कँटरबरी हरली, पण २४–२२ अशी.